कलम सात

राग्नफ्रिड आली ती पावाच्या कागदी पिशवीत
करार घेऊन.
घडीवर तेलाचा डाग, आणि वास असा
की माझी मदतनीस खिडकी उघडायला उठली.
मी म्हटलं, राहू दे.

मी मालकांची वकील. फ्योर्डकाठच्या या गावात
हे काही मिरवण्यासारखं नाही.
कामगारांच्या वकिलाला बेकरीत आधी कॉफी मिळते.
मलाही मिळते, जरा निवल्यावर.

"एकोणीस वर्षं," ती म्हणाली,
"माझ्या धूरघरात उभा होता ओडवार.
आल्डरचं लाकूड किती, जुनिपरच्या डहाळ्या किती,
ट्राउट कधी फिरवायचा, झडप कधी लावायची,
सगळं माझ्या बापाचं. मी त्याच्या हातात दिलं.
आता पल्याड त्याचं स्वतःचं धुराडं.
सकाळी वारा फिरला
की त्याचा धूर माझ्या अंगणात.
माझाच धूर आहे, वकीलबाई. ओळखते मी.
थांबवा त्याला."

कलम चार:
तीन किलोमीटरच्या आत तोच धंदा करणार नाही.
तीन कसे मोजायचे, मी विचारलं.
नकाशावर पट्टी ठेवली तर दीड,
होडीनं दोन,
रस्त्यानं, पुलाला वळसा घालून, चौतीस.
ती म्हणाली, धुराच्या वाटेनं मोजा.

हे मी टिपून घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

मग तिला ते सांगितलं
जे सांगताना मी पाण्याचा पेला पुढे सरकवते:
इथे कुणाचे हात बांधायचे
तर बांधलेल्या हातांचा पगार द्यावा लागतो.
तो घरी बसेल, खिडकीतून पाणी बघेल,
आणि महिनाअखेरीला तुम्ही पैसे पाठवाल.
तेही जास्तीत जास्त वर्षभर.
"म्हणजे काम न करण्याचे पैसे?"
"हो."
बराच वेळ ती पेल्याकडे बघत राहिली.
"दोनदा मागितली होती त्यानं वाढ,"
म्हणाली, मला नव्हे, पेल्याला.

कलम सातवर माझं बोट अडखळलं.
'नोकरी सोडताना कामगारानं कात्र्या, कंगवे
व गिऱ्हाइकांच्या नावांची वही परत करावी.'
ती कानापर्यंत लाल झाली.
बहिणीचं केस कापायचं दुकान होतं, तिथला नमुना
स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून उतरवून घेतलेला.
नावं बदलली, बाकी हात लावला नाही.
कायद्याची भाषा, म्हणाली, भीती वाटते हो,
एखादा शब्द काढायचा आणि सगळंच खाली यायचं.

असा कागद पुढे ठेवला तर न्यायाधीश हसत नाहीत,
नुसता चष्मा काढतात.
ते जास्त वाईट.

तरी नोटीस पाठवली. दीड पान, सभ्य,
उत्तर चौदा दिवसांत.
बाराव्या दिवशी पाकीट आलं.
आत एक कात्री, नवी, किमतीची चिठ्ठी तशीच,
एक निळा कंगवा,
आणि ओडवारचं तिरकं अक्षर:
'कलम सातप्रमाणे.
वही कधीच नव्हती. नावं डोक्यात आहेत,
ती परत कशी करायची ते कळवावे.'

राग्नफ्रिड हसली. मग तिला हसणं थांबवता येईना,
आणि मग ते हसणं राहिलं नाही.
मी पुन्हा पेला सरकवला.

कंगवा तिनं पर्समध्ये टाकला. कात्री तुम्हाला, म्हणाली.
दारात थांबून:
"नवा पोरगा ठेवलाय, शुर नावाचा. धुरानं डोळे पुसत असतो.
त्याचा करार करून द्या. मासळीचा.
आणि वाढ कधी, ते आधीच लिहा त्यात."
ओडवारच्या फाईलचं काय करायचं
ते ती बोलली नाही, मीही काढलं नाही.
फाईल अजून कपाटात आहे. कपाटाला वास आहे.

बिलात चाळीस मिनिटं मी कमी लावली.
तिला ते कळलं असावं,
कारण शुक्रवारी टेबलावर ट्राउट होता, वर्तमानपत्रात गुंडाळून,
पाठवणाऱ्याचं नाव नाही.
त्याच कात्रीनं दोरा कापला.
कुणाच्या धुराचा, ते मी विचारलं नाही.