पाच शतांश

कौतोकेनोत नोव्हेंबरात दुपारी दोनलाच अंधार.
रिस्तेन कॉफीत वाळल्या मांसाचा तुकडा टाकते
आणि कळप मांडते:
चार वयं, चार ओळी, चार रकाने.

वरच्या ओळीत जन्म. कुठल्या वयाची मादी
किती पाडसं देते, ते.
तिथून खाली तिरकी पायरी, जगण्याची:
पाडसाचं वर्षाचं होणं ०.६१,
पुढच्या पायरीला ०.८८.
शेवटच्या कोपऱ्यात थोरल्या माद्या,
त्या आहेत तिथेच थांबतात, ०.८७.
बाकी शून्यं.

"एवढी शून्यं कसली?" दोरी गुंडाळत बाप विचारतो.
"मागच्या वयात कुणी परत जात नाही ना, म्हणून."
तो शून्यांकडे
लागतो त्याहून जरा जास्तच वेळ बघतो.

बटण दाबलं की वर्ष सरतं.
कॉफी निवायच्या आत पन्नास हिवाळे.
रेघ उतरते, हळूच,
पाहुण्यांतून कुणी न सांगता उठावं तशी.

"आणि त्या साली, पाऊस गोठून बर्फाचा पत्रा झाला,
खुरांना शेवाळ लागेना. ते कुठल्या रकान्यात?"
"सरासरीत."
"सरासरीत नव्हती गं. ओढ्याकाठी होती.
एकोणीस."

ती ०.६१ खोडून ०.६६ लिहिते.
रेघ आडवी होते, पार कडेपर्यंत.
शंभरातली पाच पाडसं, बस.

कुठली पाच, हे यंत्र विचारत नाही.
बाप बुटात गवत कोंबतो,
टॉर्च घेऊन कुंपणाकडे निघतो.

फाइल अजून जतन केलेली नाही.