आज वारा उत्तरेचा आहे

ओउलूत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
ओक्को शाळेतून आला, बूट दारातच भिरकावले,
तर सोफ्यावर मी आधीच बसलेली
आणि त्याचा कंट्रोलर माझ्या हातात.
या दुसऱ्या भागासाठी एकवीस वर्षं थांबलेय मी.
त्यानं तासभर थांबावं, एवढा न्याय घरात हवाच.

पहिला आला तेव्हा आम्ही केमीत राहायचो,
कागद कारखान्याच्या वासात.
पहाटे घरोघर पेपर टाकून
रौनोनं आणि मी पैसे जमवले, आणि घेतलं काय,
तर त्यातही टपालच टाकायचं:
एक पोस्टमन, एक होडी, सात बेटं
आणि धुकं.
तीस पावलांपलीकडे नुसतं धुकं.
बिचाऱ्या यंत्राला त्याहून लांबचं काढताच यायचं नाही,
हे फार उशिरा कळलं.
तेव्हा वाटायचं, समुद्र असाच असतो,
आपण वल्हं मारू तेवढाच.

दीपगृहावर एक बाई होती. तिला नाव नव्हतं.
पत्र द्या, देऊ नका, होडी तिच्या पायऱ्यांवर आपटा,
ती एकच वाक्य बोलायची:
"आज वारा उत्तरेचा आहे."
वारा दक्षिणेचा असला तरीही.
रौनो म्हणायचा, ती कुणाची तरी वाट बघतेय.
मी म्हणायचे, ती खोटं बोलतेय.
आई म्हणायची, झोपा.

आता धुकं नाही.
सातही बेटं पहिल्याच मिनिटाला दिसतात,
दुकानाच्या काचेत मांडल्यासारखी.
खडकावर शेवाळ, शेवाळावर थेंब,
पोस्टमनच्या कोटाच्या शिवणीतून एक दोरा सुटलेला.
कुणीतरी आठवडाभर बसून तो दोरा उसवला असणार.
त्या माणसाला नावं कशी ठेवू?

बाईला आता नाव आहे. सायमी.
नवरा आहे बुडालेला, मुलगी आहे रुसलेली,
गुडघेदुखी आहे, क्लाउडबेरीच्या मुरंब्याची कृती आहे.
चार हजार वाक्यं बोलते म्हणे.
सगळी नाही ऐकली. बरीच ऐकली.
बरं बोलते. शेजारीण म्हणून सहज खपेल.
पण त्या एका वाक्यात मी काय काय कोंबून ठेवलं होतं,
ते ठेवायला या चार हजारांत
एकही कोनाडा रिकामा नाही.

तुर्कूला रौनोला फोन लावला.
"पहिल्याची सर नाही," म्हटलं.
"इतक्यात पहिला खेळून बघितलास?
होडी वळत नाही त्याच्यात.
अर्धा अर्धा तास एकाच खडकाला धडकत बसायचो.
आपण लहान होतो, हिल्क्का.
आपल्याला खडकही आवडायचा."

मग माळ्यावरून तो जुना डबा काढून
ओक्कोला पहिला दाखवला.
खेळला दहा मिनिटं,
पाहुण्यांकडे नावडती भाजी संपवावी तसा.
"आई, हे दुसऱ्याचं बिघडलेलं आहे का?"
त्याला दुसरा आधी भेटला, त्याला मी काय करू?
हिचे गुडघे का दुखत नाहीत, त्यानं विचारलं,
आणि मुलगी कुठाय.
मी म्हटलं, अजून झालेली नाही.

रात्री रौनोचा निरोप:
दीपगृहावर उभी राहा. काही दाबू नकोस.
पंधरा मिनिटं.
दुकानातला पोरगा सांगतो, ती ते वाक्य बोलते.

उभी राहिले. म्हणजे पोस्टमनला उभं केलं.
तिथली संध्याकाळ झाली, लाटांवर फेस आला,
सायमीनं शाल सारखी केली, गप्प राहिली.
बाराव्या मिनिटाला किटलीतली कॉफी उतू गेली.
धावले, गॅस बंद केला, फडकं मारलं, आले.

ओक्को सोफ्यावर लोळत होता,
मोज्यातून अंगठा बाहेर.
"बोलली का रे ती काही?"
"हो, बोलली ना."
"काय?"
"लक्ष नव्हतं माझं. वाऱ्याचं काहीतरी.
की ताऱ्यांचं."

मी पुन्हा पंधरा मिनिटं लावली.
बाहेर खिडकीवरचा पत्रा वाजत होता,
दक्षिणेच्या बाजूचा.