डावीकडची जागा

घेतली तेव्हा गाडी बारा वर्षांची होती,
आमच्या निंजिनपेक्षा दीड वर्षाने मोठी.
काळी, रुंद, नाकावर सोनेरी अक्षरं.
ओसाकाच्या एका डॉक्टरची, विकणारा म्हणाला.
दा ख्युरेच्या बाजारात
सगळ्याच गाड्या डॉक्टरांच्या असतात.

चालू केली की आत एक बाई बोलते,
जपानी, मऊ, शेवटी कमरेत वाकल्यासारखी.
पहिला हिवाळाभर मला वाटायचं,
प्रवासाला शुभेच्छा देत असेल.
मग निंजिन शाळेत जपानी शिकली :
"बाबा, ती म्हणतेय, कार्ड घातलेलं नाही."
कसलं कार्ड?
टोलचं. इथे नसलेल्या रस्त्यावरच्या टोलचं.
सोलोंगो हसली :
रोज सकाळी सांगतेय बिचारी
आणि तू मान डोलावतोस.
अगदी घरच्यासारखं.

उणे तीसच्या रात्री तिचं मागचं अंग खाली बसतं.
सकाळी पाचव्या मजल्यावरून दिसते
उठायला तयार नसलेल्या उंटासारखी.
चोइजिल बॉनेटखाली डोकं घालतो आणि गप्प होतो.
त्याच्या गप्प बसण्याचा दर मला आता कळतो :
एक मिनिट म्हणजे नळी,
तीन मिनिटं म्हणजे पंप.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
सुट्या भागांना असतं.

तरी लग्न निघालं की अख्खी इमारत माझ्याच दारात.
गाडी परत येते ती आरशाला निळं रेशमी वस्त्र बांधून,
टाकी रिकामी,
मागच्या सीटच्या फटीत कुणाचं तरी एक कानातलं.

पण खरी गोष्ट स्टिअरिंगची.
ते उजवीकडे, आणि आमचा देशही रस्त्याच्या उजवीकडूनच चालतो.
म्हणजे पुढे ट्रक असला
की मला दिसतो ट्रक.
रस्ता दिसतो डावीकडे बसलेल्याला.

सहा वर्षं तिथे सोलोंगो बसली,
मांडीवर थर्मास, मान जराशी तिरकी.
"थांब."
"थांब."
"अजून एक येतोय, पांढरा."
"जा."
त्या एका अक्षरावर मी अडीच टन लोखंड
समोर काय आहे ते न बघता बाहेर काढायचो.
भांडण झालेलं असलं तरी.
भांडणात ती 'जा' जरा जोरात म्हणायची, एवढंच.
चुकीच्या वेळी कधीच नाही.

मार्चपासून ती इंचॉनला,
माशांच्या वड्या पाकिटात भरायच्या कारखान्यात.
पंपाचे पैसे, निंजिनची फी,
आणि आणखी काहीतरी तिचं स्वतःचं,
जे तिने सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.
विमानतळाला निघताना माझ्या आईने चाकांवर दूध शिंपडलं.
डावीकडच्या पुढच्या टायरवर ते गोठलं
आणि आठवडाभर तसंच फिरत राहिलं.

काल दारखानला एकटाच निघालो.
डावीकडे काचेला फोन चिकटवला,
त्याचा डोळा रस्त्याकडे, तिचा चेहरा माझ्याकडे.
तिची जेवणाची सुट्टी. डोक्यावर कागदी टोपी.
पुढे कोळशाचा ट्रक, चढ, धूळ.
"थांब," ती म्हणाली.
"थांब.
थांब.
जा."
तिचा शब्द समुद्र ओलांडून पोचायला
दीडेक सेकंद लागतो.
तेवढ्यात वळणावरून एक बस आली
आणि माझ्या गाडीला हलवून गेली.

आतली जपानी बाईसुद्धा गप्प.

"गेलास ना पुढे?"
"गेलो."

तिच्या पडद्यावर ट्रकची मागची फळी अजून हलत असणार,
धुळीत कुणीतरी बोटाने काढलेला
तो तीन पायांचा घोडाही.
तिने टोपी नीट केली,
एक वडी तोंडात टाकली.

"हं," ती म्हणाली,
"हा पुढचाही कोळशाचाच दिसतोय."