जणू

सेलूच्या बाजारात, दवाखान्याच्या बोळीला लागून
माझं मशीन आहे. पाटीवर नाव बायकोचं, हात माझा.

त्या संध्याकाळी दुर्वानं
तहसीलच्या बाईंच्या ब्लाउजपीसचा काठ कापून
बाहुलीला पदर केला.
कात्री माझी, खडूची रेघ माझी,
रेघ सोडून चालली एवढाच तिचा गुन्हा.
मी मारलं. एक. डाव्या गालावर.
काजं करणाऱ्या इस्माईलनं आवाज ऐकला
आणि मान न उचलता दातानं धागा तोडला.

सकाळी उठली तर दोन्ही गाल पेटलेले.
सूज अशी की डोळे बारीक,
तोंडाभोवती मात्र पांढरं,
तेवढ्याच जागी रंग द्यायचा राहून गेल्यासारखं.
गेल्या आठवड्यात कणकण होती, नाक वाहत होतं.
त्याची आठवण तेव्हा कुणाला झाली नाही.

संजीवनी बोलली नाही.
ओल्या फडक्याची घडी गालावर ठेवली
आणि माझ्या हाताकडं बघितलं,
गिऱ्हाईक चुकलेल्या शिवणीकडं बघतं तसं.

शेजारची चंद्रकलामावशी म्हणाली,
"गोवर असंल बाई. दाराला लिंबाचा पाला बांधा,
घरात फोडणी देऊ नका."
तिची सून उंबऱ्यातूनच,
"गोवर काय अशी बोटं उठवून येतो व्हय?"

रात्री लेकरू झोपल्यावर
तळहात तिच्या गालावर धरला, न टेकवता,
दोन बोटं वरून.
गाल सगळा मावला. वर कानही मावला.
मग उजव्या गालावर धरला. तिथंही मावला.
पण तिकडं मी मारलं नव्हतं.
तिकडं मी मारलंच नव्हतं.
वीस वर्षं मापं घेतोय,
हे एक माप पहाटेपर्यंत जुळेना.
एका गालावर मारलेलं
आतून फिरून दुसऱ्या गालाला निघतं का?

डॉक्टर तरुण, परभणीचे.
त्यांनी फ्रॉकची बाही वर केली.
दंडावर, मांडीवर पुरळ, जाळी-जाळीचं,
लग्नाच्या ब्लाउजला पाठीला लावतात
तसली गुलाबी नेट.
"विषाणू आहे," ते म्हणाले. "बारीक ताप येऊन जातो,
मग गाल असे दिसतात, जणू कुणी चापट मारली.
आपोआप जाईल. आता कुणाला लागायची नाही, शाळेत पाठवा.
ऊन लागलं की काही आठवडे पुन्हा पुन्हा उठेल.
घाबरायचं नाही."

संजीवनीनं कधीचा धरलेला श्वास सोडला.
मी म्हणालो, "साहेब, मी मारली होती."

पेन थांबलं.
"त्यानं नाही झालं हे."
मग चिठ्ठी फाडता फाडता, "मारत जाऊ नका."
या दोन वाक्यांच्या मधे जेवढी जागा होती
तेवढ्यात मी अजून उभा आहे.

गाल पाचव्या दिवशी उतरले.
बाईंना काठ नवा आणून दिला, पैसे घेतले नाहीत.
बाहुलीच्या पदराला पिको केला.
दुर्वानं तो उलटून बघितला, "बरा झालाय," म्हणाली.

शाळा सकाळची. सुटते तेव्हा
स्टेशन रोडच्या टिनांवर ऊन कडकडत असतं.
चार पावलं चाललो की गाल पुन्हा लाल.
रसवंतीवरची माणसं आधी तिच्याकडं बघतात, मग माझ्याकडं.
मी सावलीसाठी हात वर करतो,
ती मान आखडून घेते.
काही नाही, सावली करतोय, मी म्हणतो.
आखडलेली मान सरळ व्हायला
पोस्टापर्यंतचा रस्ता लागतो.

"पप्पा, जणू म्हणजे काय?"

"म्हणजे... नसतं, पण असल्यासारखं वाटतं."

ती विचार करते. दोन दुकानं मागं जातात.

"मग असतं, त्याला काय म्हणायचं?"