निरगाठ

नाही यूर, ती दोरी विकायची नाही.
राहू दे खुंटीला, एलर्टच्या टोपीखाली.
बस, कॉफी घे. आठ दिवस वारा पडलाय,
समुद्र नुसता काचेसारखा पडून आहे,
तू कशाला आलास ते कळतं मला.

वार्डोच्या धक्क्यावर घेतली होती त्याने,
एका बोळक्या खलाशाकडून, दोन चांदीच्या नाण्यांना.
पहिली गाठ सोड, शीड भरेल.
दुसरी सोड, होडी धावेल.
तिसरी सोडू नकोस.
मग मारलीस कशाला? एलर्टने विचारलं.
तो म्हणाला, गिऱ्हाईक तिच्याचसाठी येतं.

पहिली सुरगाठच होती, बोट लावलं आणि सुटली.
त्या हिवाळ्यात कॉडच्या थव्यावर
आमची होडी सगळ्यांच्या आधी.
दुसरीनंतर कर्ज फिटलं, गाठीला पैसा आला,
बर्गनहून एक घड्याळ आलं,
त्याला किल्ली द्यायला मी मध्यरात्री उठायचे,
गरज नसताना.

मग मार्चमध्ये मासा उदंड झाला.
क्वाम्मे तराजूवर हात ठेवून म्हणाला,
भाव कोसळलाय, ओलाउग.
निम्म्या होड्या परतल्या नाहीत तर बघ, दुप्पट देईन.
हसत म्हणाला. मीही हसले.

एलर्ट त्या दिवशी घरी होता,
गळ रुतून अंगठा सुजलेला.
तो पांघरुणात आहे हे मी दोनदा पाहिलं,
आणि गेले मासे वाळवायच्या मांडवाखाली.
ही निरगाठ होती.
नखं तुटली. शेवटी दातांनी सोडवली.
डांबराची नि मिठाची ती चव
अजून आहे हिरड्यांत.

आधी कुत्री गप्प झाली.
मग डोक्यावरचे हजारो सुके मासे
एकमेकांवर वाजायला लागले, लाकडासारखे.
धावत घरी आले तर पांघरूण कोमट,
बूट नाहीत.
आनफिनकडे वल्ह्याला एक माणूस कमी होता म्हणे,
त्याने दारातून हाक मारली,
आणि हा गेला. तसल्या हाताने.

अकरा होड्या.
क्वाम्मे शब्दाचा पक्का निघाला. दुप्पट मोजले,
वर चर्चसाठी एक मेणबत्ती दिली, फुकट.

पाद्री म्हणतो, नियती. सगळेच म्हणतात.
मी मान हलवते.
नियतीला नखं नसतात, यूर.

जवळून बघ हवं तर, हात लावू नकोस.
तिन्ही गाठी पुन्हा बसल्यात.
मी नाही मारल्या.
त्या खांबाला टेकू नकोस, कुजलाय.
घड्याळ विकूनही तीन वर्षं झाली,
रात्री जाग मात्र येते वेळेवर.

पी ना, गार होतेय.
किती म्हणालास मघाशी?
नाही, सहज विचारलं.