पट आणि हजर

पत्ता मला बारमध्येच मिळाला.
शाहूपुरीतल्या, दिवसाही पडदे ओढलेल्या खोलीत
दिलावर वेटरनं बडीशेपेखाली बिल सरकवलं,
आणि पाठीमागं पेन्सिलनं लिहिलं:
सोमवार, गुरुवार, संध्याकाळी साडेसात.
मंगळवार पेठ, शाळेचं मागचं दार.
'माझा भाऊ जातोय तिथं. बघा की एकदा जाऊन.
मालकास्नी सांगू नका.'

मी ते बिल पाकिटात ठेवलं आणि पुढचे सात महिने
त्याच टेबलावर, त्याच्याच हातनं पीत राहिलो.
त्यानं पुन्हा विषय काढला नाही.
फक्त बर्फ जास्त टाकायचा.

तोवर बिलाची छापील बाजू उडून गेली.
क्वार्टर, सोडा, उकडलेली अंडी, बेरीज,
सगळं पांढरं.
पेन्सिल तेवढी राहिली.

*

उद्यमनगरात मी लेथवर असतो.
दोन शतांश मिलिमीटर इकडंतिकडं झालं की माल परत येतो.
सकाळचा कप दोन्ही हातांनी धरायची वेळ आली
तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या कलगोंडानं
मायक्रोमीटर माझ्या हातातनं काढून घेतला
आणि माझा माल स्वतः मोजला. तीन आठवडे मोजला.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

पहिल्या सोमवारी शाळेवरनं तीनदा गेलो.
एकदा तुटलेली चप्पल हातात घेऊन,
एकदा फोन कानाला लावून, पलीकडं कोणी नसताना.
गुत्त्यात जाताना कधी असं मागं वळून बघितलं नव्हतं.
भर दुपारी, ओळखीच्या माणसांदेखत,
छाती काढून शिरायचो, तालमीत शिरल्यासारखा.

गुरुवारी चौथ्यांदा गेलो
तर पायरीवर एक म्हातारा किटली घेऊन उभा.
'चहा गार होतोय,' म्हणाला.
नाव विचारलं नाही. कोण पाहिजे, तेही नाही.

दुसरीचा वर्ग. बाक इतके बुटके
की गुडघे छातीला लागतात.
नऊ मोठी माणसं अंग चोरून बसलेली,
भिंतीवर बेडूक, बाराखडी, 'वर्गात बोलू नये',
आणि फळ्याच्या कोपऱ्यात सकाळचा खडू:
पट ३८. हजर ३१. गैरहजर ७.

किटलीवाला एसटीत कंडक्टर होता.
गारगोटीच्या मुक्कामी गाडीत
दिवसाचा गल्ला प्यालो, म्हणाला,
आणि आईच्या पाटल्यांनी तो भरला.
खानावळवाली शालन म्हणाली,
मी खोकल्याच्या बाटलीत भरून ठेवायचे.
एका रात्री पोरगं खोकायला लागलं, सासू उठली...
तिनं वाक्य पुरं केलं नाही.
कुणी पुरं करायला लावलं नाही.
पंखा तेवढा खडखडत होता.

माझी पाळी आली.
नाव सांगायचं, आणि त्यापुढं एकच शब्द.
तो घशापर्यंत आला आणि बसला.
चाळीस वर्षांखालचं काहीतरी तोंडातनं निघालं:
'हजर.'
सगळे हसले. मीही.
शालन सगळ्यांत जास्त, पदर तोंडाला लावून.

*

घरी अलकानं दार उघडलं
आणि नेहमीसारखा आधी जवळ येऊन वास घेतला.
मी तोंड फिरवलं नाही.
तिनं पुन्हा एकदा घेतला. खात्री होईना तिची.
'गुळाचा चहा होता,' म्हटलं.
'कुठं?'
पाकिटातला कागद काढून दिला.
तिनं उलटसुलट केला, दिव्याखाली धरला,
कोऱ्या बाजूवर नख फिरवून बघितलं,
तिथं काय होतं ते तिला माहीत असल्यासारखं.
मग फ्रिजवर, गॅसच्या नंबराशेजारी, चुंबकाखाली लावला.
पेन्सिलची बाजू बाहेर.

*

त्यानंतर एकदा पडलोय मी.
खंडेनवमीला, मशीनला हार घालून झाल्यावर,
पेढ्याच्या पाठोपाठ ग्लास आला, आणि घेतला.
कलगोंडानं पाहिलं. मायक्रोमीटर मात्र माझ्याकडंच राहू दिला.

सोमवारी शाळेत गेलो, या वेळी सरळ,
पण सव्वाआठ वाजले होते.
पायरीवर म्हातारा होता.
चहा खरंच गार झाला होता.
तसाच प्यालो.