कार्बन

इस्पितळाच्या खिडकीपाशी फॉर्म भरते आहे.
नाव: मनोहर तांबेकर. वय: एकसष्ट. राहणार रामबाग, इंदूर.
बाबा बाकावरून माझं अक्षर बघतायत,
वेलांटी चुकली की खोकता खोकता बोट वर करतात.

सवय आहे. एकतीस वर्षं
कचेरीबाहेरच्या चौकात, कडुलिंबाखाली टाइपरायटर मांडून
त्यांनी लोकांचे अर्ज लिहिले:
वारसनोंद, नावात बदल, हरवलेली मार्कशीट,
एकदा एका बाईचा, नवरा परत मिळावा म्हणून.
समोर सिग्नल. टेम्पो, मिनीबस, डिझेलच्या रिक्षा
लाल दिवा असेतो त्यांच्या तोंडावर गुरगुरत उभ्या,
आणि बाबा कार्बन लावून
एक मूळ प्रत, दोन नकला काढत बसलेले.
तिसरी आत उमटत होती.

आई सदरा भिजवायची, बादलीतलं पाणी काळं व्हायचं.
"नीळ घालू की काजळ पाडू?"
आम्ही हसायचो.

या गावाचा बाबांना केवढा अभिमान!
शेंगांची टरफलं खिशातून घरी आणणारा माणूस.
पहाटे गाडी येते गाणं वाजवत,
ओला वेगळा, सुका वेगळा, रात्री रस्ते धुतात.
खाली पडेल ते सगळं उचललं जातं इथे.
जे पडतच नाही, त्याचं काय
हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

काल डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली.
काळी ती हवा, म्हणाल्या, ती चांगली.
पांढरं दिसतंय, सुपारीएवढं, ते बघायला हवं.
हवेमुळेच, असं म्हणता येत नाही.
नाही, असंही म्हणता येत नाही.
बाबा चष्मा कपाळावर सरकवून वाकले,
नक्कल तपासतात तसे.
"कार्बन उलटा लागलाय," म्हणाले.

खिडकीतला मुलगा विचारतो, "बीडी, सिगरेट, तंबाकू?"
कधीच नाही. सुपारीसुद्धा नाही.
"तो लिखो, नहीं."
लिहिते. पुढचा रकाना: व्यवसाय.
अर्जनवीस, चौकात.
"चौकात काढ," बाबा म्हणतात,
"विचारलंय तेवढंच लिहावं."

मी काढत नाही.

मुलगा शिक्का मारतो, वर न बघता सांगतो,
"दो कॉपी लगेगी."
बाबांना हसू येतं.
मग खोकला.
मग बराच वेळ खोकलाच.